टिपाडाला केलेला आग्रह

दिल्लीहून परत आलो तेव्हा कराडातल्या आमच्या गल्लीत तिघांनी मला विचारलं, "कुतुबमिनार कसा आहे हो?" मला ठाऊक नाही. मी दिल्लीत पाच दिवस होतो आणि त्यातले तीन मी ग्रेटर नोएडातल्या एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या स्टुलावर, एका निळ्या टिपाडाशेजारी बसून काढले. कुतुबमिनार टिपाडापेक्षा उंच आहे, एवढं ऐकून आहे.

टिपाड, म्हणजे पिंप, माझ्या बायकोचं. नलू इथल्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते. उरलेला भात, आमटी, भाज्यांचे देठ रोज उकिरड्यावर जाताना बघून तिचा जीव तुटायचा. सहा वर्षं खटपट करून तिनं गोबरगॅसचं एक धाकटं भावंड तयार केलं. एका टिपाडात शेणकाल्याचं विरजण, त्यात रोज बेतानं खरकटं घालायचं. वर दुसरं टिपाड पालथं. आत गॅस धरला की पालथं टिपाड हळूहळू वर उचललं जातं, आणि तो गॅस नळीतून शेगडीला जातो. वसतिगृहाचा सकाळचा चहा आता त्याच्यावर होतो.

अशा हिरव्या शोधांचं आणि स्वच्छ ऊर्जेच्या धंद्यांचं एक मोठं प्रदर्शन दिल्लीजवळ भरतं, तिथं नलूची निवड झाली. तिसऱ्या दिवशी परीक्षक येणार. त्यांच्यासमोर ज्योत सलग दहा मिनिटं जळली, तर आमच्या जिल्ह्यातल्या आणखी बारा वसतिगृहांत ही टिपाडं बसणार. नाही जळली, तर आमचं टिपाड आमच्या डोक्यावर. नलूला बाकी कशाचं काही नव्हतं. तिला ती बारा स्वयंपाकघरं हवी होती.

मी कशाला गेलो? टिपाड उचलायला माणूस लागतो म्हणून.

गाडीत

विरजणाशिवाय गॅस धरत नाही आणि दिल्लीत आयत्या वेळी चांगलं विरजण कोण देणार, म्हणून नलूनं वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून घेतले. आत गॅस सुरूच असतो, त्यामुळं दर तीन तासांनी झाकण सैल करून कॅनला ढेकर काढायला लावायचा. हे काम माझ्याकडं. आमची मुलं लहान असताना मी हे काम टाळलं होतं, ते असं वसूल झालं.

समोरच्या बर्थवर भोपाळचे एक काका होते. त्यांनी विचारलं, "इसमें क्या है?" विरजणाला हिंदीत काय म्हणतात ते मला येईना. मी म्हटलं, "दही लगाने का."

"इतना?"

"होस्टेल है।"

त्यांचं समाधान झालं. मग मी झाकण सैल केलं. काका उशी घेऊन उठले आणि भोपाळपर्यंत पुन्हा दिसले नाहीत.

मयूर विहार

उतरलो माझा मावसभाऊ शशीदादा याच्याकडं. तो तीस वर्षं दिल्लीत नोकरी करतोय. वहिनी तर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मली, वाढली. ती मराठी बोलते, पण मधूनमधून एखादा शब्द खिशातून पडल्यासारखा हरवलेला असतो.

"नलू, तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ, मी तीन दिवस सुट्टी घेतलीय. पण हे विरजण म्हणजे काय गं?"

नलूनं समजावलं.

"अच्छा, जामन! गॅसचं जामन! मग सरळ सांग ना!"

एक कॅन आणि दुसऱ्यातला अर्धा नलू टिपाडात ओतणार होती. राहिलेला अर्धा तिनं वहिनीच्या बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला. मी म्हटलं, "सगळंच ओतून टाक की, ब्याद जाईल." तर माझ्याकडं असं बघितलं की मी जणू देव्हारा विकायला काढला. "विरजण कधी सगळं वापरतात का?"

शशीदादा टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेला आणि तसाच बाहेर आला. "सुहास, यार, आतमध्ये म्हैस आहे का?"

वहिनीचं जेवण मात्र सांगायला हवं. मटारचे पराठे, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, गाजराचा हलवा. फक्त एक गोष्ट खटकली. "भाऊजी, अजून घेणार?" असं तिनं विचारलं, मी रीतीप्रमाणं "नको, नको" म्हटलं, आणि ती खरंच भांडं उचलून आत गेली! आमच्याकडं "नको" हा जेवणाचा मध्य असतो. दिल्लीत तो शेवट आहे. मी दोन पराठ्यांवर उठलो आणि चिडचिड करत झोपलो. हे इथं सांगायचं कारण, पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे.

पहिला दिवस

दिल्लीची जानेवारीतली सकाळ म्हणजे कुणीतरी सूर्यावर ओलं फडकं टाकलेलं असतं. हॉलच्या दारात गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळाला. नलूच्या बिल्ल्यावर 'फाउंडर'. माझ्यासाठी त्यांच्या यंत्रात 'नवरा' असा रकानाच नव्हता, म्हणून मी 'को-फाउंडर'. शाळेत हेडक्लार्क म्हणून सत्तावीस वर्षं घासली, तिथं कुणी मला साधं 'को' म्हटलं नाही.

आमच्या डावीकडं हवेतून पाणी काढणारं यंत्र होतं. ते दिवसभर घरघरायचं आणि संध्याकाळपर्यंत पेलाभर पाणी द्यायचं. त्याचा मालक स्वतः बाटलीतलं पाणी प्यायचा. उजवीकडं सौर झाड. हॉलमध्ये ऊन नाही, बाहेरही नाही, म्हणून झाडाच्या बुंध्यातून एक वायर निघून भिंतीतल्या सॉकेटात गेली होती. झाडाचा मालक म्हणाला, "डेमो के लिए, सर।" समोर एक ॲप होतं. ते आपण दिवसभरात पृथ्वीचं किती नुकसान केलं ते सांगायचं. मी कराडहून आलो एवढं त्यात भरलं तर ते लालच झालं. मी काय चालत यायला हवं होतं?

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. कर्नालचे दोघे भाऊ भाताचा पेंढा दाबून त्याची खोकी करत होते, थर्मोकोलच्या जागी वापरायला. हाच पेंढा तिकडं शेतात जाळतात आणि त्याच्या धुरानं दिल्ली खोकते. खोकं हातात घेतलं तर हलकं, घट्ट, गवताचा वास येणारं. त्यांच्या स्टॉलवर कुणी थांबत नव्हतं, कारण तिथं काही लुकलुकत नव्हतं.

थंडीत गॅस धरत नाही. नलूनं तिच्या आईनं शिवलेली गोधडी टिपाडाभोवती गुंडाळली. लगेच वॉकी-टॉकी घेतलेली तान्या आली. आमच्या रांगेची व्यवस्था तिच्याकडं होती.

"मॅम, ये रजाई हटा दीजिए। ब्रँडिंग छुप रही है।"

"रजाई नहीं, गोधडी है। उसको ठंडी लगती है।"

"किसको?"

"टिपाड को।"

तान्यानं वॉकी-टॉकीत काहीतरी कळवलं. गोधडी राहिली.

दुपारी फाउंडर लोकांना दुसऱ्या हॉलमध्ये बोलावलं, परीक्षकांपुढं कसं बोलायचं ते शिकवायला. दुभाषी म्हणून वहिनीही गेली. जाताना नलूनं मला स्टीलची वाटी दाखवली. "ही एक वाटी खरकटं. एकदाच. बास."

मी होय म्हटलं, आणि एक वाटी छोले-भात घातला. टिपाड ढिम्म. शेजारी यंत्र घरघरतंय, झाड लुकलुकतंय, आणि आमचं टिपाड गोधडी पांघरून आजारी माणसासारखं बसलेलं. लोक येत, बघत, नाक दाबून पुढं जात. जरा पलीकडंच जेवणाचा विभाग होता आणि तिथं ताटंच्या ताटं कचऱ्यात जात होती! अर्धे नान, न शिवलेला भात. माझा जीव वरखाली व्हायला लागला. आपल्या भरवशावर आलेलं टिपाड, परमुलुखात, थंडीत, आणि त्याला एका वाटीवर उठवायचं?

मी दुसरी वाटी वाढली. पालथं टिपाड बोटभर हललं, खरंच हललं. मग मला राहवेना. भात झाला, मटार-पनीर झालं, मग नानाचे तुकडे. "अजून थोडं, एवढंच," असं मी मनात म्हणत होतो हे आता कबूल करायला लाज वाटते. शेवटी तोंड गोड म्हणून चार गुलाबजाम, पाकासकट.

पराठ्याच्या वेळी मला न मिळालेला आग्रह मी टिपाडाला केला.

दुसरा दिवस

सकाळी हॉलमध्ये शिरलो तर पालथं टिपाड हातभर वर आलेलं! तान्यानं फोटो काढले. पाणीवाल्यानं माझा हात हातात घेऊन "कमाल कर दिया" म्हटलं. मी विनयानं मान खाली घातली. नलूच्या कपाळावर मात्र आठी होती.

"एका वाटीवर इतकं?"

तिनं शेगडीचा कॉक सोडला, काडी ओढली. फूस्स. काडी विझली. दुसरी, विझली. तिसरी काडी जवळ नेली तर जणू आतून कुणी फुंकर मारली. नलू वाकली आणि वास घेतला.

"आंबलंय. अहो, काय घातलंत?"

"एक वाटी."

"आणि?"

"थोडा भात."

"माझ्याकडं बघून सांगा."

मी पंगतीचा सगळा बेत सांगितला. गुलाबजामापाशी वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

झालं होतं ते असं: फार खाल्लं की टिपाडाला अपचन होतं, विरजण आंबतं, आणि मग जो वायू धरतो तो भरपूर असतो पण जळत नाही. म्हणजे हातभर वर आलेलं टिपाड हे पोट फुगलेलं होतं, आणि मी त्याबद्दल अभिनंदन घेत होतो.

नलू रागावेल, चारचौघांत झाडेल, असं मला वाटलं. त्याची मला सवय आहे. पण ती माझ्या स्टुलावर बसली. सहा वर्षांत मी तिला त्या टिपाडाशेजारी बसलेली कधी पाहिली नव्हती. सतत काहीतरी ढवळताना, नळ्या जोडतानाच पाहिली होती. ती हातातली काड्यापेटी नुसती उघडत होती, मिटत होती. परीक्षक उद्या दुपारी बाराला येणार होते.

"जामन आहे ना घरी?" वहिनी म्हणाली. "बाथरूममध्ये?"

नलूनं मान वर केली.

पुढचं सगळं तिनं ठरवलं. आंबलेलं अर्धं काढून टाकायचं आणि घरचं विरजण ओतायचं. वहिनीनं शशीदादाला ऑफिसातून उठवलं. काढलेलं अर्धं कुठं टाकावं हा प्रश्नच होता, पण हॉलमागं हिरवळीवर काम करणाऱ्या माळ्यानं ते आनंदानं खत म्हणून नेलं. सबंध प्रदर्शनातलं आमचं ते पहिलं समाधानी गिऱ्हाईक.

"आणि आंबटपणा मारायला चुना हवा," नलू म्हणाली. "खायचा ओला चुना. आता इथं तो कुठं मिळणार?"

वहिनी म्हणाली, "केमिस्टकडे विचारू का?" तान्या म्हणाली, "ऑनलाइन देखूँ, मॅम?"

 वाचकहो, त्या वेळी मला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, पाच नंबर गेटबाहेर छोटेलालच्या टपरीवर मडक्यात उत्तम ओला चुना असतो. दुसरी, चार वर्षांपूर्वी मी घरच्या देवापुढं हात जोडून तंबाखू सोडली होती. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं सांगता येत नव्हत्या. पाणीवाल्याचं यंत्र घरघरत होतं. नलू पुन्हा काड्यापेटी उघडायला-मिटायला लागली.

"पाच नंबर गेटबाहेर मिळेल," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मी टिपाडाकडं बघत राहिलो. नलूनं हात पुढं केला. "काढा."

आतल्या खिशातून मी डबी काढून दिली. दुतोंडी, पत्र्याची, एका बाजूला चुना, एका बाजूला तंबाखू. वहिनी म्हणाली, "भाऊजी!"  नलूनं तंबाखू कचऱ्यात झटकली, चुन्याची बाजू उघडून बघितली आणि म्हणाली, "हा पुरायचा नाही. चला."

टपरीपर्यंत ती माझ्या मागं चालत आली. छोटेलालला ते दिसलं नाही.

"आइए भाई साहब! आज इतनी देर? पुड़िया बना दूँ?"

"चूना," मी म्हटलं. "सिर्फ चूना."

"कितना?"

"मटका।"

छोटेलालनं माझ्या मागं उभ्या असलेल्या नलूकडं पाहिलं, त्याला सगळं समजलं, आणि त्यानं अतिशय सहानुभूतीनं मला कुल्हडभर चुना दिला.

शशीदादा दीड वाजता पोचला, मेट्रो बदलून, कॅन मांडीवर घेऊन. तपासणीच्या जागी जवानानं त्याला "खोलिए" म्हटलं. यानं उघडलं. जवान म्हणाला, "बंद कीजिए। जाइए।" "सुहास," शशीदादा मला म्हणाला, "तीस साल झाले या शहरात. डब्यात बसायला जागा मिळाली ती आज पहिल्यांदा."

मग नलूनं पाण्यात चुना कालवला आणि थोडा थोडा ओतायला घेतला. चुना जास्त झाला तरी विरजण मरतं. त्यासाठी तिची युक्ती म्हणजे हळद: चिमूटभर हळदीवर टिपाडातला थेंब टाकायचा, हळद लाल झाली की हात थांबवायचा, खरं तर त्याच्या जरा आधीच. हळद तिच्या पर्समध्ये असते. तिच्या पर्समध्ये काय नसतं हे मला अजून कळलेलं नाही. गरम पाण्याच्या बाटल्या टिपाडाला टेकवल्या, वर गोधडी. सहा वाजता हॉल बंद होताना मागं वळून पाहिलं तर तान्या गुडघ्यावर बसून गोधडीचं एक सुटलेलं टोक आत खोचत होती.

तिसरा दिवस

पालथं टिपाड चार बोटंच वर आलं होतं. कालच्या हातभर थाटापुढं अगदीच गरीब. नलूनं काडी लावली आणि फट्कन निळी ज्योत आली. तिनं तत्क्षणी कॉक बंद केला. "जपून ठेवायला हवा. दहा मिनिटं पुरेल की नाही, सांगता येत नाही."

बाराला तीन परीक्षक आले. त्यांतल्या प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या इंजिनीअर बाई होत्या, अंगात घरी विणलेला स्वेटर. त्यांनी टेबलाकडं पाहिलं. तिथं कुल्हड, हळदीची पुडी आणि माझी डबी तशीच पडली होती.

"ये चूना किसलिए?"

वहिनी उत्तर द्यायला पुढं झाली. तिनं काल रात्रीच ठरवलं होतं, की हे झाकून न्यायचं. नलूनं तिच्या हातावर हात ठेवला आणि आपल्या कराडी हिंदीत स्वतःच बोलली.

"परसों इसको बहुत खिलाया गया। आंबट हो गया। कल चूना डालके ठीक किया।"

"किसने खिलाया?"

नलूनं माझ्याकडं नुसतं बघितलं. तिन्ही परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या बिल्ल्यावरच्या 'को-फाउंडर'कडं.

"होस्टेल की रसोई में भी कोई न कोई ऐसा होगा," बाई म्हणाल्या.

"हर रसोई में होता है," नलू म्हणाली.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि घड्याळ लावलं. ज्योत पेटली. शेगडीवर चहाचं पातेलं. पाच मिनिटं ती छान जळली. सातव्या मिनिटाला वाकली. पालथं टिपाड तळाला टेकायला आलं होतं आणि वजनाशिवाय गॅस नळीत ढकलला जात नव्हता. घरी नलू त्यावर दोन विटा ठेवते. इथं विटा कुठल्या?

"अहो, वजन द्या," ती ज्योतीवरची नजर न काढता म्हणाली.

मी दोन्ही हात टिपाडावर टेकले आणि अंगाचा भार दिला. अख्ख्या प्रवासात माझ्या पोटाचा झालेला हा एकमेव उपयोग. ज्योत सरळ झाली. आठ. नऊ. गोधडीला माझ्या सासूबाईंच्या साडीचा वास येत होता. बाईंनी हात वर केला. "दस।" आणखी काही क्षण ज्योत तशीच राहिली, मग टप् करून गेली. चहाला उकळी आलीच नव्हती. बाईंनी तो कोमट चहा घेतला आणि पूर्ण संपवला.

मंजुरी मिळाली, दोन अटींवर. पहिली, टिपाडाचं तोंड एवढंच ठेवायचं की त्यात एका वेळी एक वाटीच जाईल, आणि त्याला कुलूप. दुसरी, प्रत्येक टिपाडाबरोबर चुना आणि हळद असलेली एक डबी द्यायची. ती कशी असावी हे दाखवायला बाईंनी टेबलावरची माझी डबीच उचलून धरली होती.

संध्याकाळी मयूर विहारात वहिनीनं छोले-पुरी केली. "भाऊजी, अजून?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "अच्छा, आता शिकलात!"

घरी

तंबाखू सुटली. या वेळी देवापुढं हात जोडले नाहीत. डबी नलूकडं आहे, एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला हळद, आणि वसतिगृहांतल्या स्वयंपाकिणींना शिकवताना ती ही डबी कुणाच्या खिशातून निघाली तेही सांगते. मी तिथंच असतो. टिपाड उचलायला माणूस लागतो.

पण बारा वसतिगृहांना बारा डब्या हव्यात, आणि कराडातले सगळे पानवाले ओळखतो असा आमच्या घरात एकच माणूस आहे. परवा मी स्टँडसमोरच्या टपरीवर गेलो आणि दुतोंडी डब्या मागितल्या.

"एक?"

"बारा."

पानवाल्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. मागं उभ्या असलेल्या दोन ओळखीच्या शिक्षकांनीही पाहिलं. "सोडली होतीत ना, साहेब? दिल्लीची हवा बाधली वाटतं."

  मी डब्या पिशवीत टाकल्या आणि शेजारच्या किराणा दुकानातून अर्धा किलो हळद घेतली.